मानपत्र आधी लिहा, नाव नंतर ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या संस्थेला दरवर्षी आपल्या भागातल्या तीन-चार जणांचा सन्मान करायचाय, म्हणजे लोकांची कामं करणारे आणि नागरी हक्कांसाठी भांडणारे, दोन्ही. निवड कशी करायची, द्यायचं काय, कार्यक्रम कसा घ्यायचा आणि हे सगळं नुसतं फोटोपुरतं राहू नये म्हणून काय करायचं, असं विचारलंय. मी वीसेक वर्षं अशा निवड समित्यांवर बसतोय, कधी सदस्य, कधी अध्यक्ष, आणि पहिली काही वर्षं तर फक्त खुर्च्या मांडायला आणि माईक चालतोय का बघायला होतो, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त शिकलो ते त्या खुर्च्या मांडायच्या काळातच, कारण मागच्या रांगेत बसलेले लोक काय बोलतात ते तिथे ऐकू येतं. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट. नावांवर चर्चा सुरू करू नका. मानपत्र आधी लिहा. म्हणजे प्रत्येक शिफारशीसाठी एकच वाक्य लिहायचं: या माणसाने कोणती अडचण किंवा कोणता नियम धरला, त्यासाठी नक्की काय केलं, आणि त्यामुळे कोणाचं काय बदललं. एवढंच. हे वाक्य लिहिता येत नसेल तर एकतर तुमच्याकडे माहिती कमी आहे, नाहीतर तिथे काम कमी आहे, आणि दोन्ही वेळेला ते नाव पुढच्या वर्षीपर्यंत थांबवलेलं बरं. आम्ही एकदा गंमत म्हणून सगळ्या शिफारशींवरची नावं पट्टी लावून झाकली आणि नुसता मजकूर वाचला. ‘तळागाळातल्या लोकांसाठी अहोरात्र झटणारे’, ‘निःस्वार्थ सेवेचा वसा घेतलेले’, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’. कोणता कागद कोणाचा ते आम्हाला कोणालाच सांगता येईना, ज्यांनी शिफारस केली होती त्यांनासुद्धा. एकच कागद वेगळा निघाला, त्यावर कुणीतरी हाताने लिहिलं होतं की या बाईंनी व्हीलचेअरवाल्या मुलासाठी शाळेच्या दारात उतार करून घ्यायला दोन वर्षं दर सोमवारी त्याच कार्यालयात जाऊन तोच अर्ज दिला आणि आता त्या दारातून सहा मुलं जातात. त्या वर्षीची निवड पाच मिनिटांत झाली.

असं वाक्य लिहायला बसलं की दुसरा एक फायदा होतो, काम खरं कोणी केलं ते उलगडायला लागतं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ, अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी घातलेला बस बहिष्कार. विचारलं तर प्रत्येकजण रोझा पार्क्स म्हणणार, आणि चूक काहीच नाही, १ डिसेंबर १९५५ ला त्यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही आणि तिथून ते सगळं पेटलं. पण आता क्रियापदं धरून बघा. त्यांच्या आधी नऊ महिने, २ मार्च १९५५ ला, क्लॉडेट कोल्विन नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने त्याच शहरात जागा सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली होती, पण पुढाऱ्यांना ती आंदोलनाचा चेहरा म्हणून चालेना, वय लहान, स्वभाव तापट, म्हणून तिचं नाव मागे राहिलं. पार्क्सना अटक झाली त्या रात्री बहिष्काराची हजारो पत्रकं रात्रभर जागून छापली ती कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी. बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायचा नियम कायद्याने ज्या खटल्यात मोडला त्यात पार्क्स वादी नव्हत्याच, निकाल लागला तेव्हा त्यात चार बायका होत्या, ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि तीच क्लॉडेट कोल्विन. आणि ३८१ दिवस लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलचे पैसे कुठून आले? त्यातला काही भाग जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकी बाईंनी उभा केला. त्या आणि त्यांच्याबरोबरच्या बायका सँडविच, केक, ‘पाय’ नावाचे भाजलेले पदार्थ करून विकायच्या आणि सभेत पैसे आणून द्यायच्या. त्यांनी गटाचं नाव ठेवलं होतं ‘कुठूनच नाही क्लब’ अशा अर्थाचं, म्हणजे पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर खरंखरं सांगता यावं की कुठूनच नाही. यामागे विनोद कमी आणि हिशेब जास्त होता, कारण नावं उघड झाली असती तर विकणाऱ्यांच्या आणि विकत घेणाऱ्यांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. गिलमोर यांनी बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची स्वतःची कँटीनमधली नोकरी गेलीच.

आता तुमची समिती १९५७ साली बसली आहे असं समजा. शिफारशींच्या गठ्ठ्यात गिलमोर यांचं नाव आलं असतं का? बहुतेक नाही, कारण त्यांच्यासाठी फॉर्म भरणारं कोणी नसतं, आणि ज्यांच्यासाठी भरलेला असतो त्यांचा लेटरहेडवर, जोडपत्रांसकट, वर्तमानपत्रातल्या कात्रणांसकट असतो. म्हणून नुसत्या आलेल्या अर्जांवर अवलंबून राहू नका. आम्ही काय करतो, तर आलेल्या प्रत्येक चांगल्या नावाला फोन करून एकच प्रश्न विचारतो, की तुमच्या कामात ज्याच्याशिवाय गाडी अडली असती असा माणूस कोण? खरे कामाचे लोक लगेच नाव सांगतात, बरेचदा दोन-तीन. जो ‘तसं सगळं मीच बघतो’ म्हणतो त्याच्या फॉर्मकडे आम्ही जरा जास्त वेळ बघतो. हा एक प्रश्न आमच्या सगळ्या गुणांच्या तक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी ठरलाय.

फॉर्म एका पानाचा ठेवा आणि तोंडी शिफारसही घ्या, म्हणजे कोणी फोनवर सांगितलं तर तुमच्यातल्याच एकाने लिहून घ्यायचं. स्वतःचं नाव स्वतः देता येईल का यावर दरवर्षी वाद होतो. नोबेलमध्ये ते चालत नाही, स्वतःची शिफारस केली की बाद. पण नोबेलला जगभरातून शिफारस करणारे पात्र लोक हजारोंनी आहेत, तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे स्थानिक पातळीवर मी तरी चालू द्या म्हणतो, फक्त अट अशी की सोबत ज्यांना त्या कामाचा उपयोग झाला अशा दोघांचे नंबर हवेत. आणि नोंदणीकृत संस्था, पद, पदवी असल्या अटी घालू नका. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९९८ ला मानवाधिकार रक्षकांबद्दलचा जाहीरनामा मंजूर केला त्यातही मानवी हक्कांसाठी झटायचा हक्क प्रत्येकाला आहे, एकट्याने किंवा इतरांबरोबर, असंच म्हटलंय, तिथे कोणी नोंदणी क्रमांक विचारलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग, जो तुम्ही सहज एका ‘आणि’ने जोडून टाकलाय: लोकसेवा आणि नागरी हक्क. या दोन गोष्टी एका यादीत टाकू नका, हात जोडून सांगतो. सेवा करणारा माणूस खड्डा बुजवतो, हक्कासाठी भांडणारा विचारतो की खड्डा याच गल्लीत का पडतो. पहिल्यावर कोणी रागावत नाही. दुसऱ्यावर निदान निम्मी समिती नाराज असते, कारण त्याने कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाला कोर्टात खेचलेलं असतं. एकाच यादीत दोघं आले की मतदानात दरवेळी सेवावाला जिंकतो, तो जास्त चांगला आहे म्हणून नाही, त्याच्याबद्दल तक्रार नाही म्हणून. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्याच बैठकीत दोन वेगळे गट करून घेतो आणि हक्कांच्या गटात ‘वादग्रस्त आहे’ हा आक्षेप म्हणून नोंदवायचाच नाही असं ठरवून टाकतो. त्याने खोटं बोललं, पैसे खाल्ले, कोणाला त्रास दिला असं काही असेल तर तो आक्षेप. लोक चिडले एवढाच मुद्दा असेल तर तो कामाचा पुरावा धरायचा.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने आज अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टी आहे, १९८३ ला कायदा झाला आणि १९८६ पासून पाळायला लागले. पण १९६६ च्या गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ६३ टक्के लोकांचं त्यांच्याबद्दल प्रतिकूल मत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना नोबेल मिळालेलं, वय ३५, आणि त्यांच्या स्वतःच्या गावाने, अटलांटाने, सत्कार करायचा तर पंचाईत झाली. एक आर्चबिशप, एक रब्बी, एक कॉलेजचे अध्यक्ष आणि एक वर्तमानपत्रवाले, अशा चौघांनी मेजवानी ठरवली, तिथे गोरे-काळे एकत्र बसणार होते, आणि शहरातले मोठे गोरे व्यापारी तिकिटंच घेईनात. शेवटी महापौर आयव्हन ॲलन आणि कोका-कोलाचे मोठे अधिकारी मध्ये पडले, आणि त्या काळातले लोक आठवण सांगतात की कंपनीच्या प्रमुखाने व्यापाऱ्यांना तोंडावर सुनावलं, जे शहर आपल्याच नोबेलवाल्याचा मान ठेवत नाही तिथे आमची कंपनी असणं आम्हाला शोभत नाही. मग तिकिटं संपली आणि २७ जानेवारी १९६५ ला पंधराशेच्या वर लोक आले. मी ही गोष्ट समितीला मुद्दाम सांगतो, आणि सांगताना हेही सांगतो की तिथे फिरवाफिरव मनं पालटून झाली नाही, कोणीतरी किंमत मोजायला लावली म्हणून झाली. तुमच्याकडे कोण आहे तसा? कार्यक्रमाच्या आधी दोन महिने तो माणूस शोधून ठेवा. ज्याला सगळे मानतात आणि जो नाराज मंडळींना फोन करून ‘मी पहिल्या रांगेत बसणार आहे’ एवढं सांगेल.

व्यवस्थेच्या आत राहून काम करणाऱ्यांना मात्र विसरू नका, म्हणजे अधिकारी, लोकनियुक्त पदाधिकारी, कारकून. इथे लोक दोन टोकं गाठतात, एकतर पदावर आहे म्हणून सत्कार नाहीतर पदावर आहे म्हणून नको. माझी कसोटी अशी की त्या खुर्चीवर दुसरा कोणी असता तरी हे झालंच असतं का? महाडचं बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ ला मुंबईच्या कायदे मंडळात झाला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती परिषद महाडला भरावी म्हणून धडपडणारे, गावोगाव फिरून माणसं जमवणारे होते रामचंद्र बाबाजी मोरे, तेव्हा अगदी तरुण पोरगा, आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आपल्या खुर्चीचा विचार न करता या लोकांच्या बाजूने उभे राहिले. पुढे त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला आणि कोर्टाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडलं, म्हणजे टिपणीस जे करत होते ते आपोआप होणारं नव्हतं, हे उघड आहे. असा पदाधिकारी सापडला तर बिनधास्त सन्मान करा. ज्याने फक्त मंजूर निधी वेळेत खर्च केला त्याला आभाराचं पत्र पुरे.

पडताळणीला कंटाळा करू नका. मी तीन फोन करतो: ज्याला फायदा झाला तो, ज्याच्याबरोबर काम केलं तो, आणि ज्याच्याविरुद्ध भांडला तो. तिसऱ्या फोनची लोकांना भीती वाटते, पण सगळ्यात खरी माहिती तिथे मिळते. एकदा एका कार्यकर्त्याबद्दल समोरच्या कार्यालयातला माणूस मला म्हणाला, डोक्याला ताप आहे तो, पण त्याने दिलेला आकडा कधी चुकीचा निघाला नाही. हे वाक्य आम्ही जसंच्या तसं मानपत्रात घेतलं, अर्थात नाव न घालता. उलटही झालंय. एका नावावर समिती एकमत होती, आणि जिच्यासाठी तो लढला असं फॉर्ममध्ये लिहिलं होतं ती बाई फोनवर म्हणाली की तो दोनदा फोटोला आला होता. त्या वर्षी तो पुरस्कार रिकामा ठेवला. रिकामा ठेवायची सोय नियमात आधीच लिहून ठेवा, नंतर लिहायला गेलं की ते त्या माणसाबद्दल वाटतं. आणि समितीतल्या कोणाचा नातेवाईक, भागीदार, देणगीदार यादीत असेल तर त्याने त्या चर्चेपुरतं खोलीबाहेर जायचं. नुसतं ‘मी मत देत नाही’ चालत नाही, तो समोर बसलेला असताना कोणी खरं बोलत नाही.

आता द्यायचं काय. इथे माझं मत जरा कडक आहे. बहुतेक सन्मान फार उशिरा येतात आणि चुकीचं काहीतरी घेऊन येतात. पुन्हा पार्क्स. बहिष्कार चालू असतानाच त्यांची शिलाईची नोकरी गेली, धमक्या येत होत्या, काम मिळेना, १९५७ ला शहर सोडून डेट्रॉइटला जावं लागलं आणि पुढे कितीतरी वर्षं ओढाताण चालली. राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक त्यांना १९९६ ला मिळालं आणि अमेरिकी संसदेचं, म्हणजे तिथल्या काँग्रेसचं, सुवर्णपदक १९९९ ला. पदकं छानच आहेत, पण १९५७ ला त्यांना नोकरी हवी होती. मिसिसिपीतल्या काळ्या शेतमजूर फॅनी लू हेमर १९६२ ला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून १८ वर्षं ज्या मळ्यावर राबल्या तिथून त्यांना हाकललं, त्या १९७७ ला वारल्या आणि तेच स्वातंत्र्यपदक त्यांच्या नावाने जाहीर झालं २०२५ ला.

याच्या उलट एक सन्मान मला फार आवडतो आणि त्याला कोणी सन्मान म्हणत पण नाही. सेप्टिमा क्लार्क, साउथ कॅरोलायनातल्या शिक्षिका. राज्याने १९५६ च्या सुमारास कायदा केला की सरकारी नोकराला एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासद राहता येणार नाही. क्लार्कबाईंनी सभासदत्व लपवलं नाही, सोडलं नाही, आणि चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर नोकरी आणि पेन्शन दोन्ही गेलं. मग त्यांनी प्रौढांना लिहायला-वाचायला आणि मतदार नोंदणीचा फॉर्म भरायला शिकवणाऱ्या नागरिकत्व शाळा उभ्या करायचं काम केलं. आणि १९७६ ला राज्याने मान्य केलं की त्यांना अन्यायाने काढलं होतं आणि पेन्शन परत सुरू केलं. वीस वर्षं उशीर झालाच, पण बघा, त्यात चूक कोणाची ते लिहून दिलं आणि जे काढून घेतलं ते परत दिलं. ट्रॉफी एकही नाही.

तुम्ही पेन्शन देऊ शकत नाही हे मला कळतं. पण विचारू तर शकता. निवड झाली की आम्ही त्या व्यक्तीला विचारतो, तुमच्या कामात सध्या काय अडलंय? उत्तरं अगदी साधी येतात. कोणाला वकिलाची फी हवी असते, कोणाला बैठकीला खोली, कोणाला प्रिंटर, एकीने सांगितलं होतं की माझ्या आईला सांभाळायला महिनाभर कोणी मिळालं तर मी सुनावणीची कागदपत्रं पूर्ण करीन. मानचिन्हाचा खर्च निम्म्यावर आणा आणि उरलेले पैसे तिकडे वळवा. रोख देणार असाल तर कराचं काय ते आधी हिशेबनिसाला विचारून घ्या, आणि पैसे व्यक्तीला की संस्थेला ते सत्कारमूर्तीलाच ठरवू द्या. किंग यांनी नोबेलची रक्कम चळवळीला दिली म्हणून प्रत्येकाने द्यावी अशी अपेक्षा करणं बरोबर नाही, स्टेजवरून तसं सुचवणं तर अजिबात नाही. मी हे होताना पाहिलंय, सूत्रसंचालक माईकवर म्हणाला ‘ही रक्कम ते नक्कीच कार्याला देतील’ आणि त्या माणसाचा चेहरा पडला, त्याच्या घरचं भाडं थकलेलं होतं.

मरणोत्तर द्यायचा का असंही तुम्ही विचारलंय. लंडनमध्ये नामवंत माणसं जिथे राहिली त्या घरांवर निळ्या पाट्या लावतात, तिथे उलट नियम आहे, माणूस जाऊन निदान २० वर्षं झालेली पाहिजेत, म्हणजे घाईत भावनेच्या भरात कोणाला लावली असं होत नाही. स्मारकासाठी तो नियम शहाणपणाचा आहे. तुमचा पुरस्कार स्मारक नाहीये. महात्मा ही पदवी जोतीराव फुल्यांना ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत लोकांनी दिली, ते हयात असताना, आणि ती सरकारने किंवा विद्यापीठाने दिलेली नव्हती. आज नावाच्या आधी तीच लागते. बाबासाहेबांना भारतरत्न मिळायला १९९० उजाडलं, जाऊन ३४ वर्षं झाली होती. तुमच्यासारख्या छोट्या संस्थेकडे सरकारांकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे घाई करायची मुभा. माणूस काम करतोय, त्याच्यावर लोक चिडलेत, अशा वेळी द्या.

पण त्याच कारणाने संमती घ्या, नीट घ्या. सरप्राइज सत्कार ही कल्पना माझ्या मते बंदच व्हायला हवी. एका वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने एका तरुण मुलीचा फोटो आणि कामाचं वर्णन कार्यक्रमाच्या आधीच सगळीकडे टाकलं, आणि ती जिथे नोकरी करायची तिथल्या साहेबांना तोपर्यंत ती संध्याकाळी काय करते हे माहीतच नव्हतं. तिला बरंच भोगावं लागलं. चूक आमची होती, हेतू चांगला असून उपयोग काय. त्यानंतर आम्ही चार गोष्टी लेखी विचारतो: नाव छापायचं का, फोटो चालेल का, राहण्याचं ठिकाण सांगायचं का, आणि कामाचा कुठला भाग बोलायचा नाही. ज्यांच्यासाठी काम केलं त्या पीडित लोकांची नावं, गोष्टी तर मानपत्रात येताच कामा नयेत, त्यांनी स्वतःहून हो म्हटलं नसेल तर. गिलमोरबाईंना हे १९५६ ला कळत होतं.

कोणी नाही म्हटलं तर? म्हणू द्या, आणि कारण ऐका. कवी बेंजामिन झेफनाया यांनी २००३ ला ब्रिटिश सरकारचा ओबीई हा किताब नाकारला कारण त्याच्या पूर्ण नावातला ‘एम्पायर’, म्हणजे साम्राज्य, हा शब्दच त्यांना नको होता. आम्हालाही एकदा नकार आला तो प्रायोजकाच्या नावामुळे, ज्या कंपनीविरुद्ध त्या बाईंचं गाऱ्हाणं चालू होतं तिचाच लोगो आमच्या बॅनरवर, आणि आम्हाला कोणालाच ते सुचलं नव्हतं. प्रायोजक ठरवायच्या आधी यादी ठरवा एवढं शिकलो. आणि दिलेला पुरस्कार परत घ्यायचा नियमही आधीच लिहा, कोण ठरवणार, कशावरून, त्या व्यक्तीला बाजू मांडायला किती दिवस. ऑक्सफर्ड शहराने म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची यांना १९९७ ला दिलेला मान २०१७ ला काढून घेतला, ॲम्नेस्टीने आपला पुरस्कार २०१८ ला मागे घेतला, नोबेलच्या नियमात मात्र परत घ्यायची सोयच नाही. तुमच्यावर अशी वेळ येणार नाही बहुतेक, पण आली तर रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर नियम करत बसावं लागतं, आणि ते फार वाईट असतं.

कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. दीड तास, त्याच्या वर नाही. प्रास्ताविक पाच मिनिटं. प्रमुख पाहुणा एकच आणि त्याला दहा मिनिटं, आणि त्याला मानपत्रं आठ दिवस आधी पाठवा म्हणजे तो आयत्या वेळी नावं चुकवणार नाही. नावांचे उच्चार सत्कारमूर्तींना फोन करून विचारा आणि मानचिन्हावरचं स्पेलिंग त्यांच्याकडूनच तपासून घ्या, मी एकदा चुकीचं आडनाव कोरलेली पाटी माणसाच्या हातात दिलीय, त्याने हसत घेतली, मला अजून लाज वाटते. प्रत्येक सत्कारमूर्तीला निदान आठ मिनिटं बोलायला द्या. मनोगत दोन मिनिटांत उरकायला लावायचं आणि पाहुण्याने चाळीस मिनिटं स्वतःच्या आठवणी सांगायच्या, ही पद्धत कोणी सुरू केली कोण जाणे. मानपत्र पूर्ण वाचा, हळू वाचा. आणि पुरस्कार द्यायला शक्यतो पाहुण्याऐवजी ज्याला त्या कामाचा उपयोग झाला तो माणूस बोलवा, त्याची तयारी असेल तर. त्या उताराच्या दारातून शाळेत जाणाऱ्या मुलानेच त्या बाईंना मानपत्र दिलं होतं. त्याने ते मांडीवर ठेवून आणलं आणि देताना उलटं धरलं होतं, सभागृहात कोणी टाळी वाजवायला पण विसरलं.

ज्यांच्याविरुद्ध लढा होता त्यांना बोलवायचं का? हे ज्याच्या त्याच्यावर आहे, सत्कारमूर्तीला विचारूनच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १९६३ ला बस कंपनी काळ्या-आशियाई लोकांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती, आणि तिथल्या कामगार संघटनेची स्थानिक शाखासुद्धा त्यात कंपनीच्या बाजूने होती. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट, गाय बेली वगैरे मंडळींनी बहिष्कार उभा केला, चार महिन्यांत, २८ ऑगस्टला, कंपनीने माघार घेतली. स्टीफन्सन यांना ओबीई मिळाला २००९ ला. पण ५० वर्षांनी, २०१३ ला, त्या संघटनेची वारसदार असलेल्या युनाइट संघटनेने जाहीर माफी मागितली, आणि मला विचाराल तर त्या दोन्हींत ती माफी वजनदार आहे. तुमच्या कार्यक्रमात असं काही घडवून आणता आलं तर उत्तम, नाही आलं तर ओढून ताणून हात मिळवायला लावू नका.

आणि कार्यक्रम झाल्यावर दोन कामं उरतात जी कोणीच करत नाही. एक, सत्कारमूर्तीशी तासभर बसून बोलणं रेकॉर्ड करा, कोणी मदत केली, पहिला अर्ज कधी दिला, कुठे चुकलो, सगळं, आणि त्याची प्रत त्यांना द्या. मोरे, गिलमोर, रॉबिन्सन ही नावं आज आपल्याला माहीत आहेत ती कोणीतरी लिहून ठेवलं, विचारून घेतलं म्हणून. दुसरं, वर्षभराने फोन करा, त्यासाठी समितीतला एकजण आजच नेमून टाका. आम्ही त्या उतारवाल्या बाईंना असाच फोन केला होता. मला वाटलं, मानचिन्ह कुठे ठेवलंय वगैरे सांगतील. त्या म्हणाल्या, मानचिन्ह मुलाकडे आहे, पण त्या मानपत्राच्या अजून चार झेरॉक्स पाठवा, सही-शिक्क्याच्या, दुसऱ्या तीन शाळांमध्ये अर्जाला जोडायच्यात आणि एक माझ्याजवळ असू दे, पहिली पावसात भिजली.